माझा नवरा ख्रिस्ती नव्हता. तो मला पुन्हा भेटेल का?

प्रश्न : माझ्या नवऱ्याला जाऊन वर्ष होत आलं. मी जन्माने ख्रिस्ती, तो वेगळ्या धर्मातला. बारा वर्षांचा संसार. त्याने मला चर्चला जायला कधी अडवलं नाही. नाताळला, ईस्टरला तोही यायचा आणि शेवटच्या बाकावर बसायचा. पण बाप्तिस्मा घेतला नाही, आणि मीही आग्रह धरला नाही. गेल्यावर त्याच्या घरच्यांच्या पद्धतीने दहन झालं. मागच्या महिन्यात प्रार्थनासभेनंतर माझी मावशी म्हणाली, "त्याने ऐकलं नव्हतं असं नाही. बारा वर्षं ऐकलं आणि नाकारलं. त्याला सबब उरत नाही. तू आता स्वतःच्या तारणाचं बघ." तेव्हापासून मला झोप नाही. मुलगी नऊ वर्षांची आहे. ती विचारते, बाबा स्वर्गात आहे ना? मी काय सांगू? जाळलेल्या शरीराचं पुनरुत्थान होतं का? मी आग्रह धरला नाही हे माझं चुकलं का? आणि खरं सांगते, तो तिथे नसेल तर मला तो स्वर्ग नकोच वाटतो. असं वाटणं पाप आहे का?

उत्तर : ताई, तुमचं शेवटचं वाक्य आधी घेते. बाकी सगळं लिहून झाल्यावर ते लिहायचं की नाही, यावर तुम्ही बराच वेळ थांबला असाल असं वाटतं.

नाही, ते पाप नाही. सोन्याचं वासरू करून पूजणाऱ्या लोकांसाठी मोशे देवापुढे उभा राहिला तेव्हा म्हणाला, यांना क्षमा कर, नाहीतर तू लिहिलेल्या पुस्तकातून माझंही नाव खोडून टाक. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या बत्तिसाव्या अध्यायात हे आहे. देवाने ही अदलाबदल मान्य केली नाही, पण असं बोलल्याबद्दल मोशेला रागेही भरला नाही. प्रेषित पौलाने तर रोमकरांस लिहिलेल्या पत्रात, ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला काहीही वेगळं करू शकत नाही असं ठासून सांगितलं, आणि पुढच्याच अध्यायाच्या सुरुवातीला लिहिलं की माझ्या भाऊबंदांसाठी मीच ख्रिस्तापासून तुटलो तरी चालेल. आपली माणसं बाहेर असताना एकट्याने आत जायला मन घेत नाही, ही भावना ज्यांनी बोलून दाखवली त्यांना पवित्र शास्त्राने थोर माणसं म्हणून जपलं आहे.

तुम्ही कोणत्या चर्चच्या, हे पत्रात नाही. त्यामुळे जिथे फरक पडतो तिथे कॅथलिक, प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स अशा तिघांचंही म्हणणं सांगेन.

दहनाचा प्रश्न सगळ्यात सोपा आहे, तो आधी संपवू. सन 177 मध्ये रोमन साम्राज्यातल्या ल्यों शहरात ख्रिस्ती लोकांचा छळ झाला. ब्लँडिना नावाची एक दासी आणि तिच्याबरोबरचे बरेच जण मारले गेले. मारणाऱ्यांना हे लोक मेल्यानंतर पुन्हा उठण्याच्या गोष्टी करतात हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी मृतदेह काही दिवस उघड्यावर ठेवले, मग जाळले आणि राख ऱ्होन नदीत लोटून दिली. आता बघू कसे उठतात ते! मागे राहिलेल्यांनी ही हकीकत पत्रातून कळवली आणि इतिहासकार युसीबियसने ती जपून ठेवली. चर्च त्या सगळ्यांना आजही हुतात्मे म्हणून आठवतं, आणि त्यांच्या पुनरुत्थानात काही अडचण येईल असं कुणाला कधी वाटलं नाही. पुरलेलं शरीर तरी कुठे राहतं? शंभर-दोनशे वर्षांत त्याचीही माती होते.

कॅथलिक चर्चने 1886 मध्ये दहनाला मनाई केली होती हे खरं आहे. त्या काळी युरोपात काही गट चर्चला डिवचायला, पुनरुत्थान वगैरे काही नसतं हे दाखवायला म्हणून दहनाचा प्रचार करत होते. 1963 मध्ये ती मनाई उठली. विश्वास नाकारण्यासाठी दहन करत नसाल तर हरकत नाही, असं ठरलं. राख विखरू नये, पवित्र जागी ठेवावी, अशी सूचना 2016 मध्ये आली, पण ती चर्चच्या सभासदांसाठी. तुमच्या नवऱ्याला ती लागू नव्हती. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या हा निर्णय कुटुंबावर सोडतात. ऑर्थोडॉक्स चर्चेस साधारणपणे दहनाला अजून परवानगी देत नाहीत, पण जाळलेला माणूस उठणार नाही असं तीही म्हणत नाहीत.

करिंथच्या मंडळीत कुणीतरी हाच प्रश्न विचारला होता, मेलेले कसे उठतात आणि कोणत्या शरीराने येतात? पौल उत्तराची सुरुवातच 'अरे मूर्खा' अशी करतो. (मी तशी करणार नाही. त्याचा स्वभाव तापट होता.) पुढे तो म्हणतो, तू पेरतोस ते उद्या उगवणारं शरीर नसतं, नुसता दाणा असतो. नाशवंत पेरलं जातं, अविनाशी उठतं. शुभवर्तमानांतला उठलेला येशूही असाच आहे. मग्दालिया मरीयेला तो आधी माळी वाटतो आणि नावाने हाक मारल्यावर ओळखू येतो. बंद दारांआड येऊन उभा राहतो, आणि तरी भाजलेला मासा मागून खातो. जखमा तशाच आहेत. माणूस तोच आहे, त्याची अवस्था मात्र मरणापलीकडची आहे. हे घडवणारा देव शिल्लक हाडं मोजून कामाला लागत असेल, असं मला वाटत नाही.

याला लागूनच एक गोष्ट सांगते, ती पुढे उपयोगी पडेल. आपण सवयीने म्हणतो, मेल्यावर आत्मा स्वर्गात जातो आणि संपलं. ख्रिस्ती विश्वासाचा शेवट तिथे नाही. चौथ्या शतकात पक्का झालेला निकेयाचा विश्वासांगिकार चर्चमध्ये म्हणतात, त्याच्या शेवटी आपण मृतांच्या पुनरुत्थानाची आणि येणाऱ्या युगाच्या जीवनाची वाट पाहतो असं म्हणतो. बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या, म्हणजे प्रकटीकरणाच्या, शेवटच्या दोन अध्यायांत माणसं उडून वर जात नाहीत. नगरी खाली उतरते, देव माणसांत राहायला येतो, आणि त्या नगरीच्या वेशी कधीच बंद होत नाहीत. मरण आणि पुनरुत्थानाचा तो दिवस यांच्या मधल्या काळात काय होतं, यावर एकमत नाही. कॅथलिक शिकवणुकीत प्रत्येकाचा न्याय मरणानंतर लगेच होतो, आणि काहींना शुद्धीकरणातून जावं लागतं. बरेच प्रॉटेस्टंट म्हणतात, विश्वासणारा थेट ख्रिस्ताजवळ असतो. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाच्या मते मेलेले त्या दिवसापर्यंत झोपलेले असतात. शेवटचा उघड न्याय मात्र त्या दिवशीच, आणि तो करणारा ख्रिस्त, यावर सगळ्यांचं एकमत आहे. म्हणजे एका प्रार्थनासभेनंतर जो निकाल सांगण्यात आला, तो अजून जाहीरच झालेला नाही.

आता मूळ दुखणं. मावशींनी जे सांगितलं ते त्यांनी मनाने रचलेलं नाही, हे आधी प्रामाणिकपणे मान्य करू. 'माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही' हे येशूचे शब्द योहानाच्या चौदाव्या अध्यायात आहेत. दुसऱ्या कोणाकडून तारण नाही असं पेत्र न्यायसभेसमोर सांगतो. तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला, चर्चबाहेर तारण नाही. 1442 मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मसभेने तर मूर्तिपूजक, यहुदी, पाखंडी, फुटीर अशी यादीच करून, मरणापूर्वी जे चर्चमध्ये सामील होणार नाहीत ते सार्वकालिक अग्नीत जातील असं लिहिलं. आजही अनेक मंडळ्या विश्वास आणि कबुलीशिवाय तारण नाही असं कळकळीने शिकवतात. त्यातले बहुतेक क्रूर नसतात. कुणी बुडत असताना गप्प बसायचं नाही, म्हणून ते बोलतात. मावशीही अशाच असतील. फक्त ज्याला हाक मारायची तो गेल्यावर त्याच्या बायकोला हे ऐकवण्यात कोणाला वाचवणं होतं, हे मला कळलेलं नाही.

पण ही गोष्टीची एकच बाजू. दुसरीही तितकीच जुनी आहे, सिप्रियनच्याही आधीची. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये लिहिणारा जस्टिन, जो पुढे हुतात्मा झाला, तो म्हणतो की ज्या शब्दाने जग निर्माण झालं त्या शब्दाला धरून जे जगले ते ख्रिस्तीच होते, लोक त्यांना नास्तिक म्हणत असले तरी. आणि उदाहरण देतो सॉक्रेटिसचं. फ्लॉरेन्सच्या सभेत बसलेल्या लोकांच्या डोळ्यांपुढचं जग लहान होतं. शुभवर्तमान जवळपास सगळीकडे पोचलं आहे, आता न मानणारा म्हणजे हट्टी, असं त्यांना वाटत होतं. पन्नासच वर्षांत, 1492 नंतर, समुद्रापलीकडे येशूचं नावही न ऐकलेली माणसं आहेत हे कळलं, आणि धर्मपंडितांना नव्याने विचार करावा लागला.

तो विचार कुठवर आला ते बघा. 1940 च्या दशकात अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये लिओनार्ड फीनी नावाचे एक जेझुइट फादर होते. कॅथलिक नसलेल्या कुणालाच तारण नाही, असं ते शब्दशः शिकवू लागले. रोमने 1949 मध्ये पत्र पाठवून हा अर्थ चुकीचा असल्याचं कळवलं. ते ऐकेनात, तेव्हा 1953 मध्ये त्यांनाच बहिष्कृत करण्यात आलं. चर्चबाहेर कुणाला तारण नाही असं म्हणता म्हणता स्वतःच बाहेर! (पुढे 1972 मध्ये त्यांना परत घेतलं.) 1964 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, लिहून ठेवलं की, स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे खऱ्या मनाने देवाला शोधतात आणि सद्सद्विवेकाला पटेल तशी त्याची इच्छा पाळू पाहतात, त्यांनाही सार्वकालिक तारण मिळू शकतं. त्यांना तारणारा ख्रिस्तच, पण त्यांच्यापर्यंत पोचायच्या वाटा त्याच्या. प्रॉटेस्टंटांत पाहायचं तर मेथॉडिस्टांचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी अठराव्या शतकात लिहिलं होतं की, ख्रिस्ती नसलेल्या जगाला नरकाची शिक्षा सुनावण्याचा हक्क कोणा जिवंत माणसाला आहे असं आपल्याला वाटत नाही. ज्याने त्यांना घडवलं त्याच्यावर ते सोडावं हे बरं.

सगळेच तरतील, अगदी प्रत्येक जण, असं मानणारेही सुरुवातीपासून होते. तिसऱ्या शतकातला ओरिजेन त्या दिशेने गेला, चौथ्या शतकातला निस्साचा ग्रेगरीही. मुख्य प्रवाहातल्या चर्चेसनी ती खात्री स्वीकारली नाही, आणि मीही ती तुम्हाला देणार नाही. माणसाला नाही म्हणायचं स्वातंत्र्य आहे, आणि देव ते मोडत नाही, ही गोष्ट ख्रिस्ती विश्वासातून काढून टाकता येत नाही. पण चर्चने आजवर असंख्य माणसांची नावं घेऊन 'हे स्वर्गात आहेत' असं जाहीर केलं आहे. अमुक माणूस नरकात आहे, असं नाव घेऊन एकदाही जाहीर केलेलं नाही. येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योतचंही नाही. मावशींनी जे केलं ते दोन हजार वर्षांत चर्चनेही केलेलं नाही.

मावशींचं खरं टोक मात्र दुसरीकडे आहे, आणि ते बोथट करून मी तुम्हाला फसवणार नाही. परिषदेचं ते वाक्य ज्यांना ओळख झाली नाही त्यांच्याबद्दल आहे. तुमच्या नवऱ्याने तर बारा वर्षं ऐकलं. मग तो 'नाकारणाऱ्यांत' मोडतो का?

इथे थोडं थांबू या. ऐकणं आणि ओळख होणं यांत किती अंतर असतं, हे शुभवर्तमानंच पानोपानी दाखवतात. शिष्य थोमा तीन वर्षं येशूबरोबर हिंडला. येशू उठला आहे, आम्ही त्याला पाहिलं, असं दहा जणांनी सांगितलं तरी म्हणाला, बोट घालून पाहिल्याशिवाय मी मानणार नाही. साक्ष त्याच्या कानांवर पडली होती, त्याला पटली नव्हती. येशूने त्याला सबब नाही म्हणून बाहेर काढलं का? आठवड्याने तो त्याच्यासाठीच पुन्हा आला. पौलाने पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याचं अख्खं भाषण ऐकलं असावं. ते संपल्यावर दगड मारणाऱ्यांचे कपडे सांभाळत उभा होता. तेव्हा मेला असता तर लोक त्याच्याबद्दल काय म्हणाले असते?

आणि ऐकवणारे कोण होते, हाही प्रश्न आहेच. त्याच व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये आणखी एक कबुली दिली आहे. लोक देवापासून दूर राहतात त्यात विश्वासणाऱ्यांचाही वाटा असतो, कारण त्यांची चुकीची शिकवण आणि त्यांचं जगणं देवाचा खरा चेहरा दाखवण्याऐवजी झाकून टाकतं. तुमच्या नवऱ्याने शेवटच्या बाकावरून काय पाहिलं, कोणाचं काय ऐकलं, यातलं काय त्याला आडवं आलं, हे मला सांगता येणार नाही. तुम्हालाही पूर्ण सांगता येणार नाही. बाप्तिस्मा न घेण्यामागे आईवडिलांना दुखवायचं नाही एवढंच असू शकतं. आपण लायक नाही असंही काहींना वाटतं. काही जण मनातून केव्हाच हो म्हणून बसलेले असतात, फक्त पुढे येत नाहीत. आणि खरंच नाही म्हणायचं असलेला माणूस दरवर्षी ईस्टरला येऊन बसतो का, हेही विचारायला हवं. मी उत्तर देत नाही. मावशींनीही द्यायला नको होतं, एवढंच म्हणते.

शेवटच्या क्षणाबद्दलही असंच. येशूशेजारी खिळलेल्या गुन्हेगाराचा बाप्तिस्मा झाला नव्हता, त्याने कुठल्या मंडळीत कबुली दिली नव्हती, चांगलं काही करायला त्याच्याकडे हातही मोकळे नव्हते. तू आपल्या राज्यात येशील तेव्हा माझी आठवण कर, एवढं एकच वाक्य. आणि उत्तर मिळालं, आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. हे आपल्याला कळलं ते लूकने लिहिलं म्हणून. वधस्तंभाखाली उभ्या असलेल्या गर्दीतल्या बहुतेकांच्या लेखी तो लुटारू म्हणूनच मेला असणार.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला शेवटचा न्याय तुम्ही लहानपणापासून ऐकला असेल, तरी पुन्हा वाचा. उजवीकडचेही चकित होतात, डावीकडचेही. प्रभू, आम्ही तुला भुकेला केव्हा पाहिलं, असं दोन्ही बाजू विचारतात. आपण कोणत्या बाजूला आहोत याचा अंदाज एकालाही नव्हता! म्हणजे चांगली कामं केली की तिकीट मिळालं, असं मी म्हणत नाही. तारण कृपेने आहे, कमाईने नाही, यावर लुथरन आणि कॅथलिक या दोघांनीही 1999 मध्ये ऑग्सबर्गला एकत्र सही केली आहे. पण ती कृपा कोणाच्या आयुष्यात कुठून शिरली, हे बाहेरून दिसतंच असं नाही, एवढं तो अध्याय नक्की सांगतो.

तुमच्यासारख्या बायका पहिल्या शतकातही होत्या. पौल करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात थेट त्यांच्याशी बोलतो. ख्रिस्ती नसलेला नवरा नांदायला राजी असेल तर त्याला सोडू नकोस, कारण तो आपल्या बायकोमुळे पवित्र झालेला आहे. अभ्यासक म्हणतात की इथे पवित्र होणं म्हणजे तारण झालंच असं नाही, आणि पौल स्वतः दोनच ओळींनी पुढे विचारतो, तू नवऱ्याला तारशील की नाही हे तुला काय ठाऊक? ठीक आहे. मला तर तो प्रश्न मोकळा ठेवल्यासारखा वाटतो. आणि तुमच्या बारा वर्षांच्या संसाराला पौल देवापासून दूरची जागा समजत नाही.

आग्रह न धरण्याबद्दल पेत्र काय म्हणतो पाहा. त्याच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय. ज्यांचे नवरे वचन मानत नाहीत त्या बायकांना तो आग्रह धरा म्हणत नाही. ते वचनावाचून, तुमच्या वागण्याने जिंकले जावेत, असं म्हणतो. तुम्ही जे केलंत ते जवळजवळ हेच. तेव्हा या एका गोष्टीचा दोष स्वतःला देणं आजपासून बंद करा. बाकीच्या प्रश्नांवर मी 'कदाचित' म्हणते आहे, या एकावर म्हणत नाही.

पुन्हा भेटलो तर नवरा-बायको म्हणून भेटू का, हे तुम्ही विचारलं नाही, पण मनात असेल. सदूकींनी, म्हणजे पुनरुत्थान न मानणाऱ्या एका यहुदी गटाने, येशूला एक अवघड कोडं घातलं होतं. सात भावांनी एकामागून एक एकाच विधवेशी लग्न केलं, मग पुनरुत्थानात ती कोणाची? पुनरुत्थानात लग्न करत नाहीत आणि करून देत नाहीत, असं येशू म्हणाला. पुष्कळ जणांना हे कठोर वाटतं. मला ते सदूकींना दिलेलं उत्तर वाटतं, बाईला मालमत्ता समजून हिशेब मागणाऱ्यांना. प्रेम तिथे पुसलं जातं असं त्यात कुठेही नाही. पौल तर म्हणतो विश्वास, आशा, प्रीती ही तिन्ही टिकतात, आणि त्यांत प्रीती श्रेष्ठ. याहून जास्त तपशील शास्त्र देत नाही, आणि जे देतात त्यांच्यापासून जरा जपून राहावं.

आता मुलीबद्दल. नऊ वर्षांच्या मुलीला खोटी खात्री देऊ नका. मोठी झाल्यावर ती हेच वाक्य घेऊन तुमच्याकडे परत येईल. बाबा झोपलाय, असंही सांगू नका. लहान मुलं मग झोपेला घाबरायला लागतात. देवाने त्याला नेलं हेही नको, तिला देवाचा राग येईल आणि तो रास्त असेल. मी असं काही सांगेन : "बाबा देवाच्या हातात आहे. देव त्याला तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त ओळखतो आणि त्याच्यावर जास्त प्रेम करतो. आपण त्याला पुन्हा भेटू अशी मला आशा आहे, आणि मी ते देवाकडे रोज मागते." ती नक्कीच विचारेल, "पण नक्की ना?" तेव्हा सांगा, "नक्की काय ते देवाला ठाऊक, आणि देव वाईट वागत नाही." ती संडे स्कूलला जात असेल तर तिथल्या शिक्षकांना आधी एकट्या जाऊन भेटा. तिच्या बाबाबद्दल वर्गात काही बोलायचं नाही, स्वर्ग-नरकाचा पाठ असेल तर आधी मला सांगा, असं स्पष्ट शब्दांत सांगा. यात उद्धटपणा नाही. मावशींसमोर तिला एकटं सोडू नका, निदान यंदा तरी.

मावशींशी वाद घालून तुम्ही जिंकणार नाही. वचनाला वचन देत बसलात तर त्यांच्याकडे तुमच्याहून जास्त वचनं पाठ असतील. पण दोन जागा त्यांना आदराने दाखवता येतील. लूकच्या तेराव्या अध्यायात कुणीतरी येशूला विचारतं, प्रभू, तारण होणारे थोडेच आहेत का? आकडा सांगायची एवढी चांगली संधी, पण तो सांगत नाही. अरुंद दरवाजाने आत जायचा तुम्ही कसून यत्न करा, म्हणतो. आणि योहानाच्या अगदी शेवटी पेत्र दुसऱ्या शिष्याकडे बोट दाखवून विचारतो, प्रभू, याचं काय? उत्तर येतं, तुला त्याच्याशी काय, तू माझ्यामागे ये. हे ऐकूनही मावशी थांबल्या नाहीत, तर त्याच्याबद्दल माझ्याशी बोलायचं नाही, एवढं म्हणून उठून जायची मुभा तुम्हाला आहे. मावशी आहेत म्हणून सगळं ऐकून घेतलंच पाहिजे असं नाही.

राहिलं, त्याच्यासाठी प्रार्थना करावी का. तुम्ही कॅथलिक असाल तर फादरांकडे जाऊन त्याच्या नावाने मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मागा. चर्चच्या कायद्याप्रमाणे मिस्सा कोणाही जिवंत वा मृत माणसासाठी अर्पण करता येते, तो बाप्तिस्मा झालेला असावा अशी अट तिथे नाही. ऑर्थोडॉक्स परंपरेत मृतांसाठी प्रार्थना अगदी नेहमीची आहे. बाप्तिस्मा न झालेल्यांचं नाव उपासनेत घेण्याबद्दल मात्र त्यांचे नियम कडक आहेत, पण घरी, स्वतःच्या प्रार्थनेत, तुम्हाला कोण अडवणार? बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मृतांसाठी मागण्याची पद्धत नाही. तिथे त्याच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानण्याची उपासना ठेवता येईल. वर्षश्राद्धाच्या जवळपास त्याच्या घरच्यांनाही बोलवा. पाळकांना भेटाल तेव्हा "तो तरला का?" असं विचारू नका, त्याचं खरं उत्तर त्यांच्याकडेही नाही. "आम्हाला त्याला देवाच्या हाती सोपवायचं आहे, तुम्ही कशी मदत कराल?" असं विचारा. ते मावशींचंच वाक्य पुन्हा ऐकवू लागले तर दुसऱ्या चर्चच्या पाळकांकडे किंवा फादरांकडे जा, आणि हे पत्र मला लिहिलंत तसंच त्यांनाही वाचून दाखवा.